गाठ गेली, किडनी राहिली : रोबोटिक शस्त्रक्रियेनंतरची आठ वर्षं

रुग्ण पुरुष, वय ५१. सांगली जिल्ह्यातले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब चार वर्षांचा. २०१६ च्या पावसाळ्यात पोटात दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी झाली. दुखण्याचं कारण पित्ताशयातले खडे निघाले, पण त्याच सोनोग्राफीत उजव्या किडनीत एक गाठ दिसली. लघवीतून रक्त नाही, वजन घटलेलं नाही, कमरेत दुखत नाही. किडनीच्या बऱ्याच गाठी आता अशाच, दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या तपासणीत सापडतात.

(ओळख उघड होऊ नये म्हणून एकाहून अधिक रुग्णांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. अभ्यासांचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत तसेच दिले आहेत.)

मी किडनीविकारांची डॉक्टर आहे, शस्त्रक्रिया करत नाही. ऑपरेशन झालं की सर्जनचं काम बरंचसं संपतं आणि माझं सुरू होतं, म्हणून अशा रुग्णाकडे मी उलट्या बाजूने, पुढच्या वर्षांकडून बघते. रोबोटिक शस्त्रक्रियेबद्दल जे लिहिलं जातं त्यात छोटी छिद्रं, कमी रक्तस्राव, चौथ्या दिवशी घरी अशा पहिल्या महिन्याच्याच गोष्टी जास्त असतात. त्या खोट्या नाहीत. पण पन्नाशीतल्या माणसाला अजून पंचवीस-तीस वर्षं जगायचं असतं, आणि त्या वर्षांचा हिशेब वेगळा असतो.

ऑपरेशनच्या आधी

सीटी स्कॅनमध्ये गाठ ३.६ सेंटिमीटरची भरली. निम्म्याहून जास्त भाग किडनीच्या आत रुतलेला, लघवी गोळा होते त्या पोकळीपासून अंतर ३ मिलिमीटर. गाठ किती अवघड आहे हे मोजायला युरोलॉजिस्ट २००९ पासून एक गुणपद्धत वापरतात. आकार, बाहेर किती डोकावते, पोकळीपासून किती जवळ, वरच्या-खालच्या टोकाकडे की मध्यात, यावर ४ ते १२ गुण. या गाठीला ८ गुण मिळाले, म्हणजे मध्यम अवघड. छातीचा स्कॅन स्वच्छ होता. ४ सेंटिमीटरच्या आतली, किडनीपुरतीच असलेली गाठ, म्हणजे टप्प्यांच्या हिशेबात सर्वात पहिला, टी-१-ए.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.२. लॅबच्या कागदावर हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला तर गाळण्याचा वेग, ज्याला आम्ही ईजीएफआर म्हणतो, ७३ येतो. (तुलना सरळ व्हावी म्हणून इथले सगळे आकडे २०२१ च्या सूत्राने काढले आहेत.) शिवाय लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं जास्त जात होतं. म्हणजे मधुमेहाने दोन्ही किडन्यांवर काम आधीच सुरू केलेलं. कोणती किडनी किती काम करते हे बघायला डीटीपीए स्कॅन केला. उजवी ४९ टक्के, डावी ५१.

माझ्यासमोर रुग्ण, त्यांची बायको आणि थोरला भाऊ बसले होते. भावाचं म्हणणं स्पष्ट होतं : "अख्खी काढून टाका की, म्याडम. दुसरी हाय न्हवं. त्यातला तुकडा ठेवायचा आणि परत तिथंच गाठ यायची, कशाला पायजे?" हा प्रश्न अडाणी नाही. १९६० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं सगळ्या जगात हाच उपचार होता : भोवतालच्या चरबीसकट संपूर्ण किडनी बाहेर. किडनी दान करणारे लोक एका किडनीवर छान जगतात, हाही त्यांचा मुद्दा होता. पण दात्याला मधुमेह नसतो. सगळ्या तपासण्यांतून पार पडला तरच तो दाता होतो.

मी कागदावर आकडेमोड करून दाखवली. उजवी पूर्ण काढली तर डावीचा वाटा उरतो सुमारे ३७. एकटी पडलेली किडनी काही महिन्यांत जवळपास चौथाईने काम वाढवते, म्हणजे ४६. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून बाकीची ठेवली तर ६० च्या आसपास राहायला हवं. दोन्ही आकड्यांवर त्या दिवशी माणूस सारखाच धडधाकट दिसेल. फरक पुढे पडतो. मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन ४५ च्या खाली अर्ध्यावर आणावं लागतं आणि ३० च्या खाली बंद करावं लागतं. एखाद्या डेंग्यूत किंवा जुलाबात किडनीला झटका बसला तर ६० वरून सावरायला जागा असते, ४६ वरून कमी. आणि त्यांच्या मधुमेहाचं वय वाढतच जाणार होतं.

कॅन्सरच्या बाजूने काय, हे त्यांना कळणं तितकंच गरजेचं होतं. एवढ्या आकाराच्या गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सर नसतेच. असली तरी योग्य रीतीने नुसती गाठ काढण्याने कॅन्सर परतण्याचं प्रमाण पूर्ण किडनी काढण्याइतकंच कमी राहतं. म्हणून आज या टप्प्यावर, जमण्यासारखं असेल तर किडनी वाचवणं हाच पहिला पर्याय धरतात.

एक अडचणीचा पुरावा

किडनी वाचवली की आयुष्य वाढतं असं मी त्यांना सांगितलं नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याला युरोपातल्या चाचणीबद्दल विचारावं. ईओआरटीसी ३०९०४ या नावाने ती ओळखली जाते. ५ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ५४१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं : एकात पूर्ण किडनी काढली, दुसऱ्यात गाठच काढली. अंदाजे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०११ मध्ये निकाल आला. दहा वर्षांनी जिवंत असलेले पूर्ण किडनी काढलेल्या गटात ८१.१ टक्के, किडनी वाचवलेल्या गटात ७५.७ टक्के. कॅन्सरने झालेले मृत्यू दोन्हीकडे मोजकेच.

किडनीच्या कामात मात्र वाचवलेला गट स्पष्ट पुढे होता. ईजीएफआर कधी ना कधी ६० च्या खाली गेलेले पूर्ण काढलेल्यांत ८५.७ टक्के, वाचवलेल्यांत ६४.७ टक्के. पण १५ च्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या दारात पोचलेले, दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास. ही चाचणी रुग्ण पुरेसे न मिळाल्याने लवकर थांबवावी लागली, काहींना ठरलेल्यापेक्षा वेगळं ऑपरेशन झालं, आणि तीत रोबोट नव्हताच, मोठा छेद देऊन केलेली उघडी शस्त्रक्रिया होती. तरीही चिठ्ठी टाकून केलेली या विषयातली मोठी तुलना हीच आहे आणि ती बाजूला सारता येत नाही.

मी तिचा अर्थ असा लावते. शस्त्रक्रियेमुळे किडनीचं काम कमी होणं आणि आजारामुळे कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसाची एक किडनी गेली तर आकडा खाली येतो आणि बहुधा तिथेच थांबतो. मधुमेहीचा आकडा थांबत नाही, तो वर्षाला थोडा थोडा उतरतच असतो. त्या उतारावर कुठून सुरुवात होते याला फार महत्त्व आहे. म्हणून निरोगी चाळिशीतल्या माणसाची अवघड जागची गाठ असती तर मी पूर्ण किडनी काढण्याला एवढा विरोध केला नसता. इथे केला.

रोबोट कशासाठी

पोटाला छिद्रं पाडून किडनी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत सेंट लुईसला १९९० मध्ये राल्फ क्लेमन यांनी केली. पूर्ण किडनी दुर्बिणीने काढणं लवकरच रुळलं. किडनीतली नुसती गाठ दुर्बिणीने काढणं मात्र मोजक्या हातांतच राहिलं, कारण त्यात घड्याळ लावून टाके घालायचे असतात. गाठ कापताना रक्त वाहू नये म्हणून किडनीच्या धमनीला चिमटा लावतात. चिमटा लागला की किडनी उपाशी. पंचवीस मिनिटांच्या आत कापणं, आतली फाटलेली लघवीची पोकळी आणि रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं शिवणं, मग चिमटा काढणं, हे सरळ लांब दांड्यांच्या अवजारांनी फार कष्टाचं. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं, आणि सर्जनला खोली दाखवणारं मोठं चित्र मिळतं. गाठ काढण्याची रोबोटिक पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मोठ्या केंद्रांत नेहमीची झाली. रोबोट स्वतःहून काही करत नाही. बाजूच्या कन्सोलवर बसलेल्या सर्जनचेच हात आत चालतात.

पूर्ण किडनी काढायला मात्र रोबोटची गरज मला पटत नाही, आणि त्याला आधार आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या २३,७५३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्ण किडनी काढण्यात रोबोटचा वापर २००३ मधल्या १.५ टक्क्यांवरून २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर गेला होता. साध्या दुर्बिणीच्या तुलनेत मोठ्या गुंतागुंती तेवढ्याच, पण वेळ आणि खर्च जास्त. टाके घालण्याचं काम जिथे फारसं नाही तिथे मनगटाचा उपयोगही कमी.

आमच्या रुग्णाला रोबोटपायी दीड-दोन लाख जास्त पडणार होते. पुण्यातल्या युरोलॉजिस्टने त्यांना उघड सांगितलं की हेच ऑपरेशन मोठा छेद देऊनही होतं आणि कॅन्सरच्या दृष्टीने कमी नाही. पण त्या छेदात बरगडीखालचे स्नायू कापले जातात, आणि काहींना नंतर कुशीला कायमचा फुगवटा राहतो. दिवसभर गिअरबॉक्स उचलणाऱ्या माणसाला हे महत्त्वाचं वाटलं. त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

चिमटा २२ मिनिटं लागला. आत सोडलेल्या छोट्या सोनोग्राफीच्या टोकाने गाठीची आतली कड पाहून मग कापलं. आतला थर शिवून होताच चिमटा काढला आणि बाहेरचे टाके रक्त वाहतं असतानाच क्लिपांवर ओढून घेतले. यातली एक गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही : चिमटा वेळेत निघाला असेल तर नंतरचं नुकसान मुख्यतः किती चांगलं मांस कापलं आणि किती टाक्यांत आवळलं गेलं यावर ठरतं. त्यामुळे मी ऑपरेशनच्या नोंदीत मिनिटं बघतेच, पण सर्जनला टाके किती खोल घेतले हेही विचारते.

नववा दिवस

चौथ्या दिवशी ते घरी गेले. नवव्या दिवशी पहाटे लघवी लालभडक झाली, दुपारपर्यंत रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या आणि ते संडासात चक्कर येऊन बसले. गावातल्या दवाखान्यात लघवीचा जंतुसंसर्ग म्हणून इंजेक्शन दिलं गेलं. बायकोने डिस्चार्ज कार्डवर पेनने लिहून दिलेली ओळ वाचली : 'लघवीत रक्त आल्यास थांबू नका, लगेच फोन.' तिने फोन केला. रात्री मिरजेला आणलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ होतं.

कापलेल्या जागी एखाद्या बारीक धमनीचं तोंड नीट बंद झालं नाही तर तिथे रक्ताचा फुगा तयार होतो आणि काही दिवसांनी लघवीच्या पोकळीत फुटतो. शंभरात एक-दोन जणांना हे होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि रोबोट असला म्हणून टळत नाही. जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन त्या एका फांदीत धातूची गुंडाळी सोडली. रक्त थांबलं. दोन पिशव्या रक्त लागलं. क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढलं आणि हळूहळू उतरलं.

बरं होऊन घरी जाताना 'चौथ्या दिवशी घरी' हे वाक्य रुग्णाच्या डोक्यात पक्कं बसतं. दोन आठवडे सावध राहायचं, हे त्याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे.

पॅथॉलॉजीचा अहवाल : क्लिअर सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), ग्रेड २, गाठ किडनीतच, कडा मोकळ्या. सर्वात अरुंद जागी कडेला १ मिलिमीटर चांगलं मांस. भावाने विचारलं, एवढंसंच? कड मोकळी असली की ती एक मिलिमीटर आहे की पाच, याने फरक पडत नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ६०. पाच आठवड्यांनी हलकं काम सुरू केलं होतं, या वेळेपर्यंत पूर्ण ड्युटीवर होते.

पुढची वर्षं

सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी स्कॅन. २०१७, २०१८ स्वच्छ.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते नेहमीच्या तपासणीला आले आणि क्रिएटिनिन २.१ निघालं, ईजीएफआर ३७. पहिली भीती सगळ्यांना एकच : गाठ आली. सोनोग्राफीत काही नाही. मी घरून गोळ्यांची पिशवी मागवली. मुलाने दुसऱ्या दिवशी आणून टेबलावर ओतली. रक्तदाबाच्या, साखरेच्या पट्ट्यांच्या मध्ये डायक्लोफेनॅकच्या चार रिकाम्या पट्ट्या आणि एक अर्धी होती. गुडघे दुखत होते, मेडिकलमधून घेतल्या, दिवसाला दोन, दीड महिना. "दुखण्याची साधी गोळी हाय, त्यात काय?" तीच गोळी किडनीच्या आतला रक्तपुरवठा आवळते, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या ते घेत होते त्यांच्याबरोबर तर जास्तच. बंद केल्यावर काही आठवड्यांत १.५ वर आलं, ईजीएफआर ५५. पुन्हा ६० झालं नाही.

या आठ वर्षांत त्यांच्या किडनीला ऑपरेशननंतर बसलेला सर्वात मोठा फटका हा आहे. कॅन्सरचा त्यात काही संबंध नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, कॅन्सरच्या रोबोटिक शस्त्रक्रियांबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती : दीर्घकाळ जगण्याच्या दृष्टीने पुरावा अजून सिद्ध झालेला नाही. त्यामागे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची २०१८ ची चाचणी होती. तीत छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साडेचार वर्षांनी ८६ टक्के रुग्णांचा आजार परतलेला नव्हता, उघड्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के. सगळ्यांना वाटलं होतं दोन्ही सारखंच निघेल. रुग्णाच्या मुलाने ही बातमी मोबाईलवर वाचून मला विचारलं, आमच्या बाबांचंही असं होईल का?

त्याला जे सांगितलं ते आजही तसंच सांगेन. किडनीच्या लहान गाठींत तसं दिसलेलं नाही. ठिकठिकाणच्या केंद्रांनी रोबोटिक शस्त्रक्रियेनंतर पाच आणि पुढे त्याहून जास्त वर्षांचे निकाल प्रसिद्ध केले आहेत, आणि टी-१ गाठींत कॅन्सरने मृत्यू न झालेल्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर राहिलं आहे, उघड्या शस्त्रक्रियेसारखंच. पण ही बहुतेक माहिती निवडक रुग्णांची, अनुभवी हातांची आणि मागे वळून गोळा केलेली आहे. रोबोटने कॅन्सर जास्त बरा होतो असं त्यातून निघत नाही. रोबोटने जे केलं ते असं की ज्यांची पूर्ण किडनी निघाली असती अशा पुष्कळ लोकांची वाचू लागली. दूरच्या वर्षांतला त्याचा खरा फायदा शोधायचा तर तो क्रिएटिनिनच्या कागदावर शोधावा.

२०२० चा स्कॅन लॉकडाऊनमुळे हुकला, जानेवारी २०२१ मध्ये झाला. स्वच्छ. पण लघवीतलं अल्ब्युमिन २४० वर गेलं होतं. तेव्हा डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची, किडनीही जपणारी गोळी सुरू केली. २०२० मध्ये आलेल्या डापा-सीकेडी चाचणीत या औषधाने किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३९ टक्क्यांनी घटला होता, आणि पेटंट संपल्याने इथे ते परवडण्याजोगं झालं होतं. ऑपरेशनच्या खर्चापुढे या गोळीची किंमत काहीच नाही, आणि उरलेल्या दीड किडनीसाठी तिचं महत्त्व त्या ऑपरेशनइतकंच आहे असं मी मानते.

२०२२ मध्ये छातीच्या स्कॅनवर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ५ मिलिमीटरचा ठिपका दिसला. किडनीचा कॅन्सर परतला तर फुप्फुसात सर्वाधिक, आणि तो दहा वर्षांनंतरही परतू शकतो, म्हणून ठिपक्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण आपल्याकडे टीबीचे जुने व्रणही तिथेच असतात, आणि त्यांच्या वडिलांना टीबी झाला होता. सहा महिने थांबून पुन्हा स्कॅन केला. ठिपका तेवढाच, त्यात चुना साचलेला, म्हणजे जुना व्रण. ते सहा महिने घरात कोणी नीट जेवलं नाही, असं त्यांची बायको मला नंतर म्हणाली. पाठपुराव्याची ही किंमत आहे, आणि ती कुठल्याच निकालपत्रात मोजलेली नसते.

आज

२०२४. वय ५९. गाठ परतलेली नाही. क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ४९, अल्ब्युमिन ११०. पोटावरचे व्रण शोधावे लागतात. मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत चालू आहे. २०१६ मध्ये पूर्ण किडनी काढली असती आणि त्यानंतरची घसरण एवढीच झाली असती, तर साध्या वजाबाकीने आकडा ३५ असता. कदाचित त्याहून कमी, कारण डायक्लोफेनॅकचा तो दीड महिना एका किडनीने कसा सोसला असता हे वजाबाकीत धरलेलं नाही.

पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी डाय टोचून सीटी करत राहण्याची गरज मला दिसत नाही. युरोलॉजिस्टशी बोलून ठरलं आहे : वर्षाआड पोटाची सोनोग्राफी, छातीचा साधा स्कॅन, आणि शंका आली तरच पोटाचा सीटी. रक्त आणि लघवी दर चार महिन्यांनी. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. निवृत्तीनंतर नोकरीतल्या विम्याचं काय होणार ते बघायचं आहे. आणि पित्ताशयातले खडे अजून तिथेच आहेत. या दिवाळीनंतर दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरतंय, भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहून दिली आहे : ईजीएफआर ४९, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक नको, रक्तदाब खाली जाऊ देऊ नये, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी डॅपाग्लिफ्लोझिन बंद.